गावावर भार आला तर गाव काय करतो? (नाटकाचा तिसरा अंक अडलाय)

कुळागर | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. आमच्या जत्रेत रात्री गावकऱ्यांचं नाटक असतं. गेली कित्येक वर्षं तीच तीन-चार ऐतिहासिक नाटकं आलटून पालटून चालली आहेत, तलवारींचे पत्रे वाकून आता कोयत्यासारखे दिसतात. यंदा मंडळाने ठरवलं की नवीन लिहायचं. मी बँकेत असल्यामुळे माझं अक्षर चांगलं असणार, या न्यायाने काम माझ्या गळ्यात पडलं.

गोष्ट अशी: एका वाड्यावर एकामागून एक माणसं 'धरली' जातात, म्हणजे त्यांच्यावर भार येतो, अंगात येतं. आधी सासुरवाशीण, मग शाळकरी मुलगी, मग रेंदेर (माडी काढणारा), मग खुद्द सरपंच. गाव त्या शक्तीशी झुंजतो. दोन अंक लिहून झाले, वाचनाला लोक गप्प बसून ऐकत होते. घोडं अडलंय ते तिसऱ्या अंकात. जो शेवट लिहितो तो टीव्हीवरून उतरवल्यासारखा वाटतो: बाहेरून कोणी जाणकार येतो, मंत्र, धूर, किंचाळी, आणि भूत कौलं फोडून पसार.

परवा तालमीला आमच्याकडचे एक म्हातारे दशावतारी येऊन बसले होते. शेवट ऐकून म्हणाले, "पुता, आमच्या गांवांत भुताक कोण धांवडायना. ताका विचारतात, तुका कितें जाय?" (भुताला हाकलत नाहीत, विचारतात, तुला काय हवंय?) एवढं बोलून उठून गेले. तेव्हापासून माझी झोप उडालीय.

तर विचारायचं हे: तुमच्या गावात असं काही झालं तेव्हा प्रत्यक्षात काय केलं गेलं? आधी कोण आलं, पुढ्यात काय ठेवलं, कोण काय बोललं? आणि शेवट काय झाला?

मिरसांग | सोमवार, रात्री १०:३१

तिसरा अंक सोपा आहे. लाईट जाते. सगळे घरी जातात.

कुळागर | सोमवार, रात्री १०:४०

@मिरसांग, जनरेटर सांगितलाय हो यंदा.

मिरसांग | सोमवार, रात्री १०:४१

मग जनरेटरवाल्याला भार येतो.

पोरसूं | सोमवार, रात्री ११:०५

कुळागर, मुळात तुम्ही सगळ्यांना एकाच हंडीत घातलंय, म्हणून शेवट सापडत नाही. धरलंय कोणी ते आधी ठरवा.

आळवंतीण असेल तर ती बाळंतपणात गेलेली बाई, तिची कथा वेगळी. म्हारू हे भूत वेगळं. आणि देवचार तर भूत नव्हेच, तो राखणदार. खांद्यावर घोंगडी, हातात दांडा, रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो. आमच्या आजोबांच्या तोंडी त्याचं नाव क्वचित यायचं, 'व्हडलो' म्हणायचे. खाजनाच्या (खाडीकाठच्या शेतीच्या) बांधावर, मानशीपाशी, म्हणजे पाणी सोडायच्या दारापाशी, त्याची जागा. वर्षाला रोट (जाड भाकरी), विडी आणि थोडा सोरो (दारू). वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो, आणि कबूल केलेलं दिलं नाही तर तोच वाट चुकवतो. वेताळाचंही तेच. आमोण्याला वेताळाला चामड्याची पायताणं वाहतात, कारण रात्रभर चालून त्याची झिजतात. पहारेकऱ्याशी कोणी 'झुंजतं' का? त्याचा पगार थकला असेल तर देऊन टाकतात.

तुमचे म्हातारे बरोबर बोलले.

तर्ककठोर | मंगळवार, सकाळी ८:२०

सकाळी सकाळी हे वाचून चहा गार झाला.

'धरणं' वगैरे काही नसतं. एकाच ठिकाणी पाठोपाठ अनेकांना असं होणं हा सामूहिक उन्माद, आणि त्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत. आल्प्समध्ये मोर्झीन नावाचं गाव आहे. तिथे १८५७ साली दोन लहान मुलींपासून सुरुवात झाली आणि पुढे शंभराहून जास्त जणांना 'सैतान लागला', त्यात बायकाच फार. आधी पाद्र्यांनी भूत उतरवण्याचे विधी केले, त्याने आगीत तेलच पडलं. १८६० मध्ये तो मुलूख फ्रान्सकडे आला. दुसऱ्या वर्षी सरकारने कॉन्स्तान्स नावाचा डॉक्टर पाठवला. त्याने विधी थांबवायला लावले, रोगी बायका दूरदूरच्या इस्पितळांत पांगवल्या, गावात शिपाई बसवले. प्रकरण निवळलं.

तिसऱ्या अंकात डॉक्टर आणा. आणि घाडी, म्हणजे भूत उतरवणारा, मारहाण करतो असं दाखवणार असाल तर तो गुन्हा आहे, हेही दाखवा. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वाचा.

शिवोलीचो_पाव | मंगळवार, सकाळी ८:५५

तो कायदा महाराष्ट्राचा. गोव्याच्या घाडीला बांद्यापलीकडे नेऊन मारहाण करायला लावावी लागेल. हलके घ्या.

पोरसूं | मंगळवार, सकाळी ९:१०

@तर्ककठोर, मोर्झीनची गोष्ट अर्धी सांगितलीत. पांगवलेल्या बायका घरी परतल्या आणि ते पुन्हा उफाळलं. १८६४ मध्ये बिशप गावात आला तेव्हा बायकांनी त्याच्यासमोरच गोंधळ घातला. शिपाई बसवून तरी काय निवळलं? त्या गावातले पुरुष कामासाठी वर्षातला बराच काळ बाहेरगावी असायचे, हेही लिहा. बायकांना कोणीतरी 'तुका कितें जाय' विचारायला हवं होतं.

तर्ककठोर | मंगळवार, सकाळी ९:१४

पुन्हा उफाळलं हे मान्य. पण संपलं ते मंत्राने नाही.

फोंडेकरीण | मंगळवार, दुपारी २:४७

माझी आजी अवसराची होती, म्हणून लिहिते.

नवरात्रात, शिगम्यात, ठरलेल्या दिवशी तिच्यावर भार यायचा. एरवी आजी म्हणजे घरातलं सगळ्यात खालच्या आवाजात बोलणारं माणूस. आजोबा माजघरातून 'च्या हाड गो' म्हणायचे आणि ती हात पुसत उठायची. पण भार आला की केस सुटायचे, मान डावीकडून उजवीकडे घुमायची, आणि तेच आजोबा हात जोडून तिच्यासमोर उभे. तिला 'माये' म्हणायचे. ती त्यांना अरे-तुरे करायची! एकदा तिने अख्ख्या वाड्यासमोर विचारलं, धाकट्या सुनेचे दागिने कोणी गहाण टाकले. दागिने आजोबांनीच टाकले होते. चार दिवसांत सोडवून आणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा 'च्या हाड गो'. आजीने उठून चहा केला.

ती नाटक करत होती का, असं मला कॉलेजात असताना वाटायचं. विचारलं नाही. आता ती नाही. नाटक असेल तर माझ्या पाहण्यातल्या कुठल्याच नटीला ते साधलं नाही, आणि नाटक नसेल तर त्या देवीला आमच्या घरातले हिशेब बरे ठाऊक होते.

कौलाचंही विचारात घ्या. गावात काही बिनसलं की आधी घाडी बोलवत नाहीत, देवाला पाकळ्या लावतात. मूर्तीवर फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची पडली तर हो. पाकळी पडेपर्यंत देवळात जी शांतता असते, ती रंगमंचावर दाखवता आली तर तुमचा अंक तिथेच उभा राहील. पाच मिनिटं कोणी हलत नाही, पंखा बंद केलेला असतो, घाम ठिबकतो आणि सगळे एका ओल्या पाकळीकडे बघत असतात.

कुळागर | मंगळवार, दुपारी ३:१५

पंखा बंद! हे मी लिहिणार होतो त्यात कधीच आलं नसतं. आभार.

शिवोलीचो_पाव | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

मी ख्रिश्चन, चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलो, चुका सांभाळून घ्या.

देवचार या शब्दाने माझ्या बालपणाचा पार घोळ केला. इगर्जीतल्या (चर्चमधल्या) कोंकणीत देवचार म्हणजे सैतान. शेजारच्या हिंदू काकींच्या कोंकणीत देवचार म्हणजे गावाचा राखणदार. दोतोर्नीच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात बाय सांगायची की वाळवंटात जेजूला (येशूला) देवचाराने मोहात पाडायचा प्रयत्न केला. माझ्या डोळ्यांसमोर घोंगडीवाला म्हातारा यायचा, दांडा आपटत, 'बाबा, हांगा कित्याक आयलो, वाट चुकलो मरे?' मी म्हणालो, पण तो तर चांगला असतो! कान असा पिळला होता की अजून लाल आहे.

शिवोलीला नाताळानंतरच्या पहिल्या सोमवारी जागर असतो, जागऱ्याचा, म्हणजे तिथल्या राखणदाराचा. हिंदू-ख्रिश्चन दोन्ही मिळून करतात. माझी आई इगर्जीत मेणबत्ती लावते आणि जागऱ्यालाही लावते. विचारलं तर म्हणते, 'एकल्यान दिसाचें पळोवंचें, एकल्यान रातीचें.' ड्युटी वाटून दिलीय.

आणि कुळागर, तुमचा रेंदेर ख्रिश्चन असेल तर त्याच्यासाठी खुरसाकडे (क्रुसापाशी) लादायन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, होईल, चणे वाटतील. पाद्री असा उठून भूत काढायला जात नाही, त्याला बिशपची खास परवानगी लागते. तोपर्यंत तुमचा तिसरा अंक संपून लोक खाजें घेऊन घरी गेलेले असतील.

मिरसांग | मंगळवार, संध्याकाळी ६:४४

म्हणजे देव रजेसाठी अर्ज, देवचार रोजंदारीवर.

औषधी_पाला | मंगळवार, रात्री ९:०२

डॉक्टर आहे, मानसोपचार नव्हे, साधा जनरल. तर्ककठोर यांच्याइतका कठोर नाही, पण एक सांगतो.

माझ्याकडे 'धरलेलं' म्हणून आणलेल्यांत मी आधी कपाळाला हात लावून बघतो. ताप असेल तर मलेरिया, मेंदूज्वर, सत्तरी तालुक्याच्या बाजूचा असेल तर माकडताप. २०१५ पासून तो आपल्याकडे आहे, जंगलातल्या गोचिडीमुळे होतो, आणि त्यात माणूस बरळू शकतो. दुसरं, फेफरं. तिसरं, बाळंतीण असेल तर बाळंतपणानंतरचा मानसिक आजार. आळवंतिणीच्या कथा ऐकताना मला हेच आठवत राहतं. हे तिन्ही वेळेत ओळखलं तर उपचार आहेत, उशीर झाला तर माणूस हातचं जातं.

बाकी राहतात ते काही जण. तब्येत ठणठणीत, तपासण्या कोऱ्या, आणि तरी रोज दिवेलागणीला घुमतात. त्यांच्यापुढे मी थोडा वेळ खुर्ची ओढून बसतो. नातेवाईकांना बाहेर काढतो. बहुतेक वेळा नातेवाईकांना बाहेर काढणं हाच अर्धा उपचार असतो.

नाटकात काही दाखवा, फक्त नाकाखाली मिरच्यांचा धूर आणि बांधून ठेवणं हे 'उपाय' म्हणून टाळ्या घेतील असं दाखवू नका. बघणाऱ्यांतला एखादा घरी जाऊन करतो.

तर्ककठोर | मंगळवार, रात्री ९:१०

+१. धन्यवाद डॉक्टर. मी हेच म्हणत होतो.

पोरसूं | मंगळवार, रात्री ९:१२

तुम्ही हे म्हणत नव्हता. तुम्ही चहा गार झाला म्हणत होता.

खाणपट्टा | मंगळवार, रात्री ११:३८

आमच्या गावात शक्ती आली ती टिप्परवर बसून.

२०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. त्याआधी वाड्यावर घरटी एक ट्रक. पोरांनी शिक्षण सोडून कर्ज काढून घेतलेले. सहा महिने ट्रक अंगणात ताडपत्रीखाली, टायरात पावसाचं पाणी, त्यात डासांची अंडी. बँकेचा माणूस महिन्याला येऊन जायचा (कुळागर, तुम्ही नव्हता ना?). त्या वर्षी आमच्याकडे घाडीच्या अंगणात जेवढी माणसं बघितली तेवढी नंतर कधी नाही. माझ्या मोठ्या चुलत्याला रात्री ट्रकचा हॉर्न ऐकू यायचा. उठून बाहेर जायचा, केबिनमध्ये चढून बसायचा, सकाळी तिथेच झोपलेला मिळायचा. घाडीने सांगितलं, खाणीत राखणदाराची जागा खणली गेली, तो घर शोधतोय.

मी तेव्हा हसलो. मग विचार केला, जागा तर खरंच खणली होती. डोंगरच राहिला नव्हता. मूळ जागेवरून बांधाच्या पलीकडे रोट ठेवायला सुरुवात केली. चुलता ट्रकमध्ये बसायचा थांबला तो मात्र ट्रक विकल्यावर.

२०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या तेव्हा आमच्याकडे ट्रक नव्हता. कोणाला काही ऐकू आलं नाही.

शिवोलीचो_पाव | बुधवार, सकाळी ७:५०

केबिनमध्ये झोपलेला चुलता. कुळागर, सरपंच काढा आणि हा घाला.

अवांतर: देवचाराला सोरो म्हणजे काजूची की माडाची? उन्हाळ्यात हुर्राक (काजूची पहिल्या धारेची) चालतो का?

पोरसूं | बुधवार, सकाळी ८:०५

आमच्याकडे माडाची. हुर्राक त्याला चालत असावा, कारण एकदा काकाने घरी नेताना अर्धी बाटली संपवली आणि खुलासा म्हणून देवचाराचंच नाव घेतलं.

मिरसांग | बुधवार, सकाळी ८:०९

हल्ली देवचार कोरड्या दिवशी आधीच स्टॉक करून ठेवा म्हणतो.

पानवेल | बुधवार, सकाळी १०:२०

इतके प्रतिसाद झाले आणि कांदोळच्या भूमिपुत्राची आठवण कोणालाच नाही? पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामतांनी १९४५ मध्ये केलेला. खाली बाई कलंडलेली, वर झगेवाला माणूस पंजे पसरून उभा. लहानपणी आम्ही त्याला 'पाद्रीघाडी' म्हणायचो. अजून शहराबाहेरचे लोक विचारतात, हा भूत काढतोय का?

माणूस उलट होता. जन्म १७५६, कांदोळचा. पॅरिसला जाऊन लोकांना संमोहित करून दाखवायचा. तेव्हा तिथे समज असा की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकी द्रव वाहतो. फारिया म्हणाला, माझ्यात काही नाही, जे आहे ते झोपणाऱ्याच्या मनात आहे. खुर्चीत बसवायचा, झोपेचा विचार करायला लावायचा आणि ठाम आवाजात म्हणायचा, 'झोपा'. लोकांनी टवाळी केली, १८१९ मध्ये गरिबीत गेला. पूर्वी पणजीतलं मनोरुग्णालय त्याच्याच नावाचं होतं, आता बांबोळीला आहे त्याचंच जुनं रूप.

त्याची 'कातर रे भाजी' सगळ्यांना माहीत आहेच. लिस्बनला राणीपुढे प्रवचनाला उभा राहिला आणि वाचा बसली. मागून बाप कोंकणीत पुटपुटला, ही सगळी भाजी, कातर रे भाजी (समोरचे सगळे भाजीपाला, चीर बिनधास्त). आणि सुटला की बोलत. भार काढला तो बापाने, दोन शब्दांत. तिसऱ्या अंकाला याहून चांगला घाडी कुठे मिळणार?

फोंडेकरीण | बुधवार, सकाळी ११:०१

पाद्रीघाडी! उद्या पणजीला गेले की हसू आवरणार नाही.

रानकेळ | बुधवार, रात्री ११:५२

तीन दिवस वाचतेय. लिहू की नको करत होते.

मी त्या मुलींतली एक आहे. कुळागर, तुमच्या नाटकातली शाळकरी मुलगी. गाव, शाळा सांगणार नाही.

मी नववीत होते. आमच्या वाड्यावर महिनाभरात सात मुलींना झालं. पहिली माझ्या बाकावरची. प्रार्थनेला उभी असताना पडली, हातपाय झाडले, तोंडाला फेस. आठवड्याने दुसरी. मग मी. कसं वाटतं ते लोक विचारतात, म्हणून सांगते. आधी कान भरून येतात, विहिरीत डोकं घातल्यासारखे. मग आपला आवाज जरा मागून येतो. मी बोलतेय हे कळत होतं, पण थांबवावं असं वाटत नव्हतं. खरं सांगू? बरं वाटत होतं. इतकी माणसं माझ्याकडे बघताहेत आणि कोणी कामाला लावत नाही.

मारलं नाही कोणी. पहिलीच्या घरी मात्र तिच्या तळहातावर कापूर पेटवला होता, भूत खरं का खोटं बघायला.

शेवटी पलीकडच्या गावातून घाडी आणला. बारीक, चष्मा लावलेला, सायकलवरून आला. सातही जणींना मांडवात ओळीने बसवलं. पुढ्यात तांदूळ, नारळ, उदबत्ती. एकेकीला विचारत आला, 'तूं कोण? तुका कितें जाय?' एकीने साडी मागितली, एकीने कोंबडा. माझ्यापाशी आला तेव्हा माझ्या तोंडून आलं, 'म्हाका न्हिदूंक जाय.' मला झोपायचंय.

मांडवात कोणी हसलं. घाडी हसला नाही. खाली बसला आणि विचारलं, उठतेस किती वाजता? मी म्हटलं, तीनला. का? पाण्याला.

खाणीचा खड्डा आमच्या विहिरींपेक्षा खोल गेला होता. पंप लावून तिथलं पाणी उपसत होते आणि आमच्या विहिरींना तळ दिसत होता. डोंगरापलीकडच्या झरीवर रांग लागायची, उशीर झाला तर गढूळ. ते काम मुलींचं. सातही जणी पहाटे तीनला कळशा घेऊन जायचो, मग शाळा, मग रात्री अभ्यास. तो घाडी सगळ्यांना तोच प्रश्न विचारत परत मागे गेला. मग उठून बायाबापड्यांना म्हणाला, झरीवर राखणदार आहे, सूर्य वर येईपर्यंत तिथे बाईमाणसाने पाऊल टाकलेलं त्याला खपत नाही. पाणी पुरुषांनी आणावं.

आणलं हो. वडील, काका, भाऊ, सगळे कावड घेऊन. देवचाराची भीती. पंधरा दिवसांत पुरुषांची पाठ धरली आणि सगळे पंचायतीवर गेले. टँकर सुरू झाला. आम्ही सहाजणी बऱ्या झालो.

सहाजणी. पहिली नाही झाली. तिला फेफरं होतं. घाडीने साडी-नारळ सगळं केलं, तिचं थांबेना, मग म्हणाले तिच्यावरचा जबर आहे. दोन वर्षांनी तिचा मामा तिला बांबोळीला घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या, झटके थांबले. दोन वर्षं. दहावी गेली तिची. तळहातावर कापराचा डाग अजून आहे, भाकरी थापताना दिसतो.

तो घाडी शहाणा होता की खरंच कोणी त्याला सांगितलं, मला ठाऊक नाही. मी त्याला देव मानते आणि त्याच्यावर माझा रागही आहे.

फोंडेकरीण | गुरुवार, सकाळी ६:१५

आजीची आठवण आली. दुसरं काही लिहिता येत नाही.

औषधी_पाला | गुरुवार, सकाळी ७:०३

रानकेळ, नीट लिहिलंत. तो चष्मेवाला सहा जणींच्या बाबतीत माझ्याहून हुशार निघाला. सातवीच्या वेळी त्याने 'हे माझं काम नव्हे' म्हणायला हवं होतं. आम्हा डॉक्टरांनाही ते वाक्य जड जातं.

तर्ककठोर | गुरुवार, सकाळी ८:३०

मी वाद घालायला आलो होतो. घालत नाही. फक्त ती दोन वर्षं नाटकातून गाळू नका.

पोरसूं | गुरुवार, सकाळी ८:३४

सहमत. (तारीख नोंदवून ठेवा.)

कुळागर | गुरुवार, रात्री १०:४५

काल रात्री रानकेळ यांचा प्रतिसाद वाचला आणि तिसरा अंक फाडला. त्यांना खासगी निरोप पाठवून परवानगी घेतली, त्यांनी दिली, गावं-माणसं बदलून.

आता असं: घाडी विचारत येतो. साडी, कोंबडा, बाटली, लोक हसतात. मग ती मुलगी झोप मागते. सरपंच कापला, ट्रकवाला चुलता आला (खाणपट्टा, आभार). सातवी मुलगी शेवटपर्यंत रंगमंचाच्या कोपऱ्यात बसून राहते. गाऱ्हाणं होतं, सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, ती म्हणत नाही. मामा तिला घेऊन जातो, बसची वाट बघत दोघे उभे राहतात, पडदा. मंडळातल्या एकाला भूत कौलं फोडून गेलेलं हवंच होतं, कारण त्याने कौलं आणून ठेवली आहेत.

पानवेल | गुरुवार, रात्री ११:२०

एक सावधगिरी. गाऱ्हाण्याच्या वेळी ढोल-ताशावर शिगम्यातला भाराचा ताल वाजवू नका. साळ गावच्या गड्यांना जाऊन बघितलं असेल तर कळेल. तिथे होळीनंतर तीन रात्री गडे अंधारात डोंगराकडे धावतात, देवचाराच्या मशाली दिसल्या म्हणतात, एखाद्याला देवचार लपवतो, मग शोधून खांद्यावरून आणावं लागतं. ते सगळं तालावर उभं आहे. नाटकात तो ताल वाजला तर प्रेक्षकांत कोणाला तरी भार येणार, मग तुमचा चौथा अंक खुर्च्यांमध्ये होईल.

कुळागर | शुक्रवार, सकाळी ९:००

ढोलवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, मी कशाला वाजवतो, माझी आईच समोर बसणार.

कुळागर | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १:१०

प्रयोग झाला, झोप काढून लिहितोय. संध्याकाळी म्हाताऱ्या दशावतारींनी मांडवामागे फणसाखाली रोट आणि विडी ठेवली, मला न विचारता.

पहिले दोन अंक बरे गेले. पाकळीच्या प्रसंगाला पंखे बंद केले तर मागून दोघे ओरडले, पंखो घाल रे, मग गप्प झाले. तिसऱ्या अंकात घाडी मुलीसमोर बसला, 'तुका कितें जाय?' म्हणाला आणि फट्. लाईट गेली. जनरेटरवाला चहाला गेला होता.

काळोख. प्रेक्षकांतून एक म्हातारी ओरडली, 'लायट जाय गो बाये!' अख्खा मांडव हसतोय, शिट्ट्या, मोबाईल लागले. मी विंगेत डोकं धरून. आमची मुलगी बारावीची, पहिल्यांदा रंगमंचावर. ती हसू ओसरेपर्यंत थांबली. मग काळोखातच म्हणाली, 'म्हाका न्हिदूंक जाय.'

मोबाईल एकेक करून खाली गेले. जनरेटर सुरू व्हायला पाच-सात मिनिटं लागली असतील. तेवढा वेळ घाडी आणि ती मुलगी काळोखात बोलत राहिली, पाण्याचं, कळशांचं, आणि बायकांच्या बाजूला कोणी तरी नाक ओढत होतं. दिवे आले तेव्हा त्यांचं बोलून संपलं होतं.

रानकेळ | रविवार, दुपारी १:५८

मी होते. बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत. बाकावरच्या मैत्रिणीला घेऊन आले होते. शेवटच्या बसच्या प्रसंगाला म्हणाली, बस इतकी लवकर येत नव्हती ग, आम्ही दीड तास उभे होतो.

मिरसांग | रविवार, दुपारी २:०३

पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं की लाईट जाते. मानधन कुठे मिळेल? रोट आणि विडीसुद्धा चालेल.